ब्रिटन: घराखालच्या रेस्टॉरंटला रात्री २ पर्यंतचं लायसन्स हवंय. हरकत कशी आणि कुठे घ्यायची?

पारवा_तिसरा_मजला

लंडनच्या उपनगरात हाय स्ट्रीटवरची चार मजली इमारत. तळाला रेस्टॉरंट, वर फ्लॅट. रेस्टॉरंटचं सध्याचं लायसन्स रात्री ११ पर्यंतचं आहे. आता दारावर फिकट निळा कागद लागलाय: शुक्रवार-शनिवार दारूविक्री रात्री २ पर्यंत, रेकॉर्डेड म्युझिक २ पर्यंत आणि 'लेट नाइट रिफ्रेशमेंट'. हरकतीची शेवटची तारीख १२ दिवसांवर आली आहे.

इमारतीतल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन मतं आहेत. एक, सगळ्यांनी मिळून एक सह्यांचं निवेदन द्यावं. दोन, वॉर्डातल्या नगरसेवकाला भेटून 'विषय संपवावा'. तीन, प्लॅनिंगची परवानगीच नसेल तर लायसन्स मिळेलच कसं, म्हणून स्वस्थ बसावं. यातलं बरोबर काय? हरकतीत काय लिहिलं तर चालतं? आणि लायसन्स मिळालंच तर पुढे काय हातात राहतं?

निळा_कागद

तिन्ही मतं थोडी थोडी चुकीची आहेत, तिसरं सगळ्यात महागात पडणारं.

यात काउन्सिलची (स्थानिक पालिकेची) दोन वेगळी खाती येतात, लायसन्सिंग (दारू, संगीत आणि त्यांच्या वेळा) आणि प्लॅनिंग (जागेचा वापर आणि बांधकाम). कायदे वेगळे, मुदती वेगळ्या, अपिलाची जागाही वेगळी. एकाची परवानगी नाही म्हणून दुसरं आपोआप अडत नाही. सध्या घड्याळ चालू आहे ते लायसन्सिंगचं, तेव्हा आधी तेच.

कायदा २००३ चा लायसन्सिंग अ‍ॅक्ट, इंग्लंड आणि वेल्ससाठी. (स्कॉटलंडचा वेगळा आहे, तिकडच्यांनी हे वाचून पत्र लिहू नये.) मुदत २८ दिवसांची, अर्ज काउन्सिलला मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, शनिवार-रविवार धरून. मुदतीनंतर आलेली हरकत घ्यायचा अधिकार अधिकाऱ्याला नाही, कितीही विनवण्या करा. उलट बाजूही लक्षात घ्या: मुदतीत कुणाचीच ग्राह्य हरकत आली नाही, तर काउन्सिलला अर्ज मंजूर करावाच लागतो. सुनावणीच होत नाही. 'काउन्सिल बघेलच की' या भरवशावर बसलेल्यांना दोनची वेळ आयती मिळते.

नोटिशीचा फोटो काढून ठेवा. फिकट निळा कागद, ए४ किंवा मोठा, अक्षर १६ पॉइंटचं किंवा त्याहून मोठं, रस्त्यावरून सहज वाचता येईल असा. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात १० कामकाजाच्या दिवसांत जाहिरात. कागद मेन्यूकार्डामागे लपवला असेल किंवा मध्येच काढला असेल, तर तारखेसकट फोटो लायसन्सिंग अधिकाऱ्याला पाठवा. २८ दिवस पुन्हा मोजायची वेळ येऊ शकते.

मग काउन्सिलच्या वेबसाइटवर लायसन्सिंग रजिस्टर उघडा आणि मूळ अर्ज मागवा. नोटिशीत चार ओळी असतात, खरा मजकूर अर्जात. प्रत्येक गोष्टीची वेळ वेगवेगळ्या रकान्यात दिलेली असते. दारूविक्री २ ला बंद, पण 'ओपनिंग अवर्स' २:३० पर्यंत, म्हणजे गिऱ्हाईक अडीचला रस्त्यावर आणि बाटल्यांचा खणखणाट त्यानंतर. 'नॉन-स्टँडर्ड टायमिंग्ज' हा रकाना लोक वाचतच नाहीत. बँक हॉलिडेच्या आधीचे रविवार तिथे गुपचूप बसलेले असतात. लेट नाइट रिफ्रेशमेंट म्हणजे रात्री ११ ते पहाटे ५ मध्ये गरम खाणं किंवा गरम पेय विकणं. ते ऐकायला निरुपद्रवी, पण दारू बंद झाल्यावरही गर्दी दारात धरून ठेवतं.

हरकतीत फक्त चार गोष्टी मोजल्या जातात: गुन्हे आणि दंगा रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं, मुलांना इजा होण्यापासून जपणं. फ्लॅटची किंमत पडेल, हाय स्ट्रीटवर आधीच बार पुष्कळ आहेत, पार्किंगची मारामारी, दारू वाईट: हे सगळं बाजूला काढलं जातं. 'बार पुष्कळ आहेत' याला एकच अपवाद: काउन्सिलने तुमच्या भागासाठी 'क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट'चं (एकाच भागातल्या अनेक बारांच्या एकत्रित परिणामाचं) धोरण जाहीर केलं असेल तर. तसा भाग असेल तर ओझं अर्जदारावर जातं, पण तेही कुणी हरकत घेतली तरच.

तुमचा मुद्दा उपद्रवाचा. तो असा लिहा: 'बेडरूमची खिडकी रेस्टॉरंटच्या दाराच्या बरोबर वर, दोन मजल्यांवर. आत्ता ११ ला बंद होताना ११:३५ पर्यंत धूम्रपान करणारे दाराशी उभे असतात. २ पर्यंत वेळ वाढली तर हेच २:३० ते ३ ला होईल.' अंतर, वेळ, खोली. 'आमचं जगणं हराम होईल' या वाक्याला सुनावणी घेणाऱ्या सबकमिटीत कुणी विचारत नाही.

सह्यांचं निवेदन चालतं, पण त्याचं वजन बहुधा एका हरकतीइतकंच पडतं. सहा फ्लॅटनी सहा वेगळी पत्रं, प्रत्येकाने आपल्या खिडकीबद्दल लिहिलेली, हे कितीतरी भारी. एकच मजकूर सहा वेळा चिकटवू नका. निनावी पत्र चालत नाही; नाव-पत्ता अर्जदाराला जातो. पूर्वी हरकत घ्यायला जवळच राहायला हवं अशी अट होती, ती २०१२ मध्ये गेली, त्यामुळे पलीकडच्या गल्लीतलेही लिहू शकतात.

आता नगरसेवक. इथे आपली जुनी सवय नडते. सुनावणी तीन नगरसेवकांची सबकमिटी घेते आणि ती जवळजवळ कोर्टासारखी बसते. त्या तिघांपैकी कुणाला आधी गाठून 'जरा बघा' म्हटलंत, तर त्या माणसाला बाजूला व्हावं लागेल आणि अर्जदाराच्या वकिलाला आयता मुद्दा मिळेल. वॉर्डातला जो नगरसेवक सबकमिटीवर नाही, तो मात्र स्वतः हरकत नोंदवू शकतो किंवा सुनावणीत तुमच्या वतीने बोलू शकतो. त्याला भेटा, त्याच कामासाठी.

सुनावणी मुदत संपल्यापासून २० कामकाजाच्या दिवसांत. येणार आहात हे आधी लेखी कळवावं लागतं. फोटो, नोंदी, काय द्यायचं ते आधी द्या; ऐन वेळी कागद काढला तर सर्व बाजूंची संमती लागते, आणि समोरचा ती कशाला देईल? बोलायला दोन्ही बाजूंना सारखा वेळ, तोही थोडाच. पत्रातल्या मुद्द्यांचा विस्तार करता येतो, नवा मुद्दा काढता येत नाही. निर्णय मान्य नसेल तर कळल्यापासून २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील, पण तिथे खर्च अंगावर येऊ शकतो.

नकाशावाला

वरच्यांनी लायसन्सिंग सांगितलं, मी प्लॅनिंगचं सांगतो.

काउन्सिलच्या प्लॅनिंग रजिस्टरवर इमारतीचा पत्ता टाका आणि जुने 'डिसिजन नोटीस' उघडा. अटी क्रमांकाने असतात, प्रत्येकीखाली कारण दिलेलं. रेस्टॉरंटला परवानगी देताना 'ग्राहकांसाठी ०८:०० ते २३:०० याबाहेर खुलं राहणार नाही' अशी अट असेल, तर लायसन्स दोनचं मिळालं तरी ११ लाच बंद करावं लागतं. दोन वेगळ्या वेळा असतील तर आधीची वेळ बांधील. ती अट बदलायला त्यांना प्लॅनिंगकडे वेगळा अर्ज (कलम ७३ खाली) करावा लागेल आणि तिथे तुम्हाला २१ दिवस पुन्हा मिळतील.

पण हे लायसन्सिंगच्या पत्रात मुख्य मुद्दा करू नका. 'प्लॅनिंग नाही' एवढ्यावरून सबकमिटी अर्ज फेटाळत नाही. 'तो वेगळा कायदा आहे' म्हणून पुढे जाते. प्लॅनिंग खातं स्वतः मात्र लायसन्सिंगमध्ये हरकत घेऊ शकतं, पोलीस आणि एन्व्हायरन्मेंटल हेल्थ (आवाज, स्वच्छता बघणारं काउन्सिलचं खातं) यांच्यासारखंच. तेव्हा प्लॅनिंग एन्फोर्समेंटला (अटी मोडल्यावर कारवाई करणाऱ्या विभागाला) आजच ई-मेल टाका: अमुक अट, अमुक अर्ज, तुमचं खातं काय म्हणतंय?

दुसरी गोष्ट वापराच्या वर्गाची. १ सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये रेस्टॉरंट 'क्लास ई' मध्ये आलं. पब, बार, नाइटक्लब, टेकअवे हे कुठल्याच वर्गात नाहीत, त्यांना 'सुई जेनेरिस' म्हणतात. म्हणजे दुकानाचं रेस्टॉरंट परवानगीशिवाय होतं, रेस्टॉरंटचा बार होत नाही. ठरवणारा प्रश्न एकच: मुख्य वापर काय? साडेदहाला टेबलं भिंतीला लावली, किचन बंद, डीजे, दारावर तिकीट, इन्स्टाग्रामवर 'क्लब नाइट'चं पोस्टर, तर ते रेस्टॉरंट उरलं नाही. या पोस्टरांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. मालक स्वतः पुरावा तयार करून देतो तो इथेच.

अट मोडली तर काउन्सिलकडे दोन मुख्य हत्यारं. 'ब्रीच ऑफ कंडिशन नोटीस': पाळायला किमान २८ दिवस, आणि तिच्यावर प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे (प्लॅनिंगची अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे) अपील नाही. 'एन्फोर्समेंट नोटीस': ती अंमलात यायच्या आत अपील झालं की निकालापर्यंत लटकते, त्यात महिनेच्या महिने जातात. वेळेची स्पष्ट अट असेल तर पहिली मागा. अडचण अशी की कारवाई करायची की नाही हे काउन्सिलच्या मर्जीवर आहे, आणि जुन्या इमारतींना कित्येकदा वेळेची अटच नसते. असली आणि १० वर्षं सलग मोडली गेली, तर ती कायद्याने माफ होते. म्हणून 'आत्ता फारसा त्रास नाही' म्हणून गप्प राहणं बरोबर नाही. तक्रारीची तारीख कागदावर पडू द्या.

आणखी एक कागद बघा, तो म्हणजे तुमच्याच फ्लॅटची परवानगी. रेस्टॉरंट आधीचं आणि फ्लॅट नंतरचे असतील, तर आवाज रोखायची जबाबदारी फ्लॅट बांधणाऱ्यावर टाकली जाते. याला 'एजंट ऑफ चेंज' म्हणतात. ऑफिसचे फ्लॅट केले असतील तर काचेची आणि व्हेंटिलेशनची अट बहुतेक सापडेल. बिल्डरने ती पाळली नसेल तर अर्धं भांडण त्याच्याशी आहे, हॉटेलवाल्याशी नाही.

हॉटेलच्या_बाजूने

दुसऱ्या बाजूने चार ओळी. अर्जदाराला दोनच पाहिजे असतं असं नाही. बरेच जण २ मागतात आणि १२:३० वर खूश होतात. तुमची पत्रं गेली की आठवडाभरात त्यांच्या सल्लागाराचा ई-मेल येईल: 'या अटी घातल्या तर हरकत मागे घ्याल का?' भडकू नका, बोला. नुसतं 'नको' म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, अटी मागणाऱ्याला निदान त्या तरी मिळतात.

एकच सावधगिरी. अटी अर्जात लेखी घातल्या गेल्याचं लायसन्सिंग अधिकाऱ्याकडून कळेपर्यंत हरकत मागे घेऊ नका. सगळ्यांनी मागे घेतल्या की सुनावणी रद्द, आणि तोंडी कबूल केलेलं हवेत. मागे घ्यायला सुनावणीच्या २४ तास आधीपर्यंत वेळ असतो, अगदी सुनावणीत तोंडीसुद्धा घेता येते, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

अट अशी लिहून मागा की इन्स्पेक्टरला दारात उभं राहून 'हो' किंवा 'नाही' म्हणता आलं पाहिजे. 'शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची काळजी घेतली जाईल' ही अट म्हणजे शोभेचं तोरण. त्याऐवजी:

– रात्री ११ नंतर नवीन प्रवेश नाही;
– २२:०० नंतर दारं-खिडक्या बंद, ये-जा करण्यापुरती उघडायची;
– बाहेर धूम्रपानाला एका वेळी जास्तीत जास्त ६ जण, हातात ग्लास नाही;
– बाटल्या बाहेरच्या डब्यात २३:०० ते ०८:०० टाकायच्या नाहीत;
– ११ नंतर दारू फक्त टेबलावर बसून जेवणाऱ्यांना, वेटरकडून;
– ११ पासून बंद होईपर्यंत दारावर एसआयए बॅजवाला (परवानाधारक) सुरक्षारक्षक;
– सीसीटीव्ही, ३१ दिवसांचं रेकॉर्डिंग.

पाचवी अट मिळाली तर बाकीच्या अर्ध्या सोडल्या तरी चालतील. तिच्यामुळे रेस्टॉरंटचा बार होतच नाही.

बासरी_नव्हे_बेस

आवाजाबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही. वरच्या मजल्यांना त्रास देतो तो बेस, आणि तो हवेतून कमी, इमारतीच्या हाडांतून जास्त येतो. स्पीकर छताला किंवा खांबाला बोल्टने घट्ट बसवला की वरच्या फ्लॅटची फरशी स्पीकरचा पडदा होते. दारं-खिडक्या बंद ठेवायच्या अटीने यात काडीचा फरक पडत नाही.

फोनवरच्या डेसिबल अ‍ॅपचे आकडे पाठवू नका. ही अ‍ॅप बहुधा डीबीए (माणसाच्या कानाप्रमाणे जुळवलेले डेसिबल) दाखवतात, आणि ही जुळवणी, म्हणजे 'ए' वेटिंग, बेसच्या पट्ट्यात ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल आणि १२५ हर्ट्झला १६ डेसिबल कापून टाकतं. म्हणजे पलंग थरथरतोय आणि आकडा मात्र लायब्ररीचा. म्हणून मागायचं ते असं: नॉइज लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारं यंत्र), सगळं संगीत त्याच्यातूनच, त्याची मर्यादा एन्व्हायरन्मेंटल हेल्थ अधिकाऱ्यासमोर, वरच्या फ्लॅटमध्ये उभं राहून, ६३ आणि १२५ हर्ट्झच्या पट्ट्यांसाठी वेगळी ठरवायची, मग सील. डीजेने बाहेरून आणलेला अ‍ॅम्प लावायचा नाही, हेही लिहून घ्या, लिमिटर बहुतेक असाच चुकवला जातो. स्पीकर रबरी किंवा स्प्रिंगच्या आयसोलेटरवर, बेसचा डबा भिंतीपासून सुटा.

एक कायदेशीर खाच आहे, तिच्यात पुष्कळ लोक अडकतात. दारू पाजायचं लायसन्स असलेल्या जागेत ५०० पर्यंत प्रेक्षकांसाठी सकाळी ८ ते रात्री ११ संगीताला वेगळं लायसन्स लागत नाही, आणि लायसन्समधल्या संगीताच्या अटी त्या वेळेत लागूच होत नाहीत. लायसन्सचा रिव्ह्यू (फेरतपासणी) होऊन सबकमिटीने खास तसं म्हटलं तरच लागतात. म्हणजे आज मिळवलेली लिमिटरची अट रात्री ११ नंतरची. संध्याकाळी ७ च्या दणदणाटासाठी रस्ता वेगळा: १९९० च्या एन्व्हायरन्मेंटल प्रोटेक्शन अ‍ॅक्टखाली 'स्टॅट्युटरी न्यूसन्स' (कायद्याने ठरवलेला उपद्रव). त्यात ठरावीक डेसिबल नसतो. अधिकाऱ्याने तुमच्या खोलीत येऊन ऐकणं महत्त्वाचं.

लायसन्स मिळाल्यावर काय, हे विचारलंय. आवाजाची वही, तीन आठवडे तरी: तारीख, कधी सुरू, कधी बंद, कुठली खोली, खिडकी उघडी की बंद, काय ऐकू आलं (ठोका, शब्द, माणसांचा आवाज), झोप मोडली का. 'रात्रभर त्रास' अशी नोंद निरुपयोगी. '००:४० ते ०१:२५, बेडरूम, खिडकी बंद, ठोका स्पष्ट, शब्द नाहीत' ही उपयोगी. ही वही घेऊन कलम ५१ खाली लायसन्सचा रिव्ह्यू कुणीही मागू शकतं, फी नाही. सबकमिटी अटी बदलू शकते, संगीत काढू शकते, ३ महिन्यांपर्यंत लायसन्स स्थगित करू शकते, रद्दही करू शकते. पण मालकाने अपील केलं की निकालापर्यंत निर्णय लागू होत नाही. आणि तेच कारण घेऊन वर्षाच्या आत पुन्हा गेलात तर 'रिपीटिशस' (तेच ते पुन्हा) म्हणून परत येण्याची शक्यता मोठी, तेव्हा अर्धवट वही घेऊन जाऊ नका.

निळा_कागद

एक राहिलं. अर्ज फेटाळला गेला तरी अधूनमधून रात्री २ वाजतील. 'टेम्पररी इव्हेंट नोटीस', ज्याला इथे सगळे 'टेन' म्हणतात: २१ पौंड, जास्तीत जास्त ४९९ माणसं, एका वेळी १६८ तासांपर्यंत, एका जागेला वर्षात १५ वेळा आणि एकूण २१ दिवस. आपली मंडळं गणपतीत भाड्याच्या हॉलमध्ये बार लावतात तेव्हा हाच कागद भरतात. यावर फक्त पोलीस आणि एन्व्हायरन्मेंटल हेल्थ हरकत घेऊ शकतात, तीही ३ कामकाजाच्या दिवसांत. शेजाऱ्यांना हक्क नाही. म्हणून आवाजाची वही आधीच एन्व्हायरन्मेंटल हेल्थकडे पोचलेली बरी.

पारवा_तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. अर्ज मागवला. डिसिजन नोटीसमध्ये २३:०० ची अट आहे, क्रमांक ७. पण अर्जासोबतच्या १:१०० च्या नकाशात मागचं अंगण लाल रेषेच्या (लायसन्सच्या हद्दीच्या) आत दाखवलंय. जुन्या लायसन्सच्या नकाशात ते बाहेर होतं. नोटिशीत याचा उल्लेख नाही. हे महत्त्वाचं आहे का?

निळा_कागद

फार. लाल रेषेच्या आत म्हणजे तिथे दारू विकता येणार, बाहेर बार मांडता येणार. नकाशाचे दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी ठेवून अधिकाऱ्याला आजच ई-मेल करा आणि विचारा की अंगण जोडणं नोटिशीत का नाही, आणि त्यामुळे नोटीस पुन्हा लावावी लागेल का. उत्तराची वाट न पाहता हरकतीत दोन ओळी घाला: अंगण लाल रेषेबाहेर ठेवावं, ते जमत नसेल तर २१:०० नंतर ग्राहकांना अंगणात प्रवेश नाही, अंगणात स्पीकर नाही, आणि मागचं दार आपोआप बंद होणारं.

नकाशावाला

आणि अंगणावर पर्गोला किंवा छत दिसलं तर फोटो काढून मला नाही, एन्फोर्समेंटला पाठवा. त्याला बहुतेक वेगळी प्लॅनिंग परवानगी लागते. अट ७ चा क्रमांक त्याच ई-मेलमध्ये टाका.